‘सर्व टॅबवर चालणारं’ प्रेशर पेन घेण्याआधी हे वाचा

टॅबसाठी ऑनलाइन पेन शोधताना ‘४०९६ प्रेशर लेव्हल्स’ (म्हणजे हाताच्या दाबाच्या इतक्या पायऱ्या ओळखतं) आणि ‘सर्व अँड्रॉइड टॅब व आयपॅडवर चालतं’ असे दोन्ही दावे एकत्र दिसले, तर ते पेन घेऊ नका. एकाच पेनाबद्दल हे दोन्ही दावे खरे असू शकत नाहीत. माझ्या भाचीला असंच एक पेन आणि सोबत कीबोर्डचं कव्हर, असा कॉम्बो एका विक्रेत्याने साडेतीन हजारांना विकला. ती उपयोजित कला शिकते. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं लिहून तिने ते पैसे साठवले होते. मला या गोष्टीचा फार राग आला आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

तिला टॅबवर ब्रशची अक्षरं काढायची होती. बोरूच्या अक्षरात जाड-बारीकपणा येतो तो कापलेल्या टोकाच्या कोनामुळे. ब्रशच्या अक्षरात मात्र सगळा खेळ हाताच्या दाबाचा. काना उतरताना भरत जातो, वेलांटी वळून सुटताना निमुळती होते. दाब न ओळखणारं पेन तिच्या काहीच कामाचं नाही, आणि विक्रेत्याला तिने नेमकं तेच विचारलं होतं. टॅबचं मॉडेलही कळवलं होतं: सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस. ‘हो मॅडम, शंभर टक्के चालेल’ असं उत्तर आलं, सोबत एक व्हिडिओ. त्यात नोट्सच्या ॲपवर रेघ आधी जाड, मग बारीक, मग पुन्हा जाड होताना स्वच्छ दिसत होती.

फसवणूक त्या व्हिडिओतच होती. नोट्सच्या आणि सह्या घेण्याच्या अनेक ॲपमध्ये रेघेची जाडी हाताच्या वेगावर ठरते. सावकाश फिरवलं की जाड, झटकन ओढलं की बारीक. पेन घरी आल्यावर आम्ही तेच ॲप उघडून नुसत्या बोटाने रेघ ओढली, तर व्हिडिओतल्यासारखीच आली! चित्रकलेच्या ॲपमध्ये दाबाचा ब्रश निवडून त्याच पेनाने लिहिलं, तेव्हा कितीही जोर दिला तरी जाडी एकच राहिली. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. ठाऊक नसतं तर व्हिडिओसाठी नेमकं तेच ॲप निवडलं नसतं.

दाब ओळखणं एकट्या पेनाच्या हातात नसतं, पडद्यातही तशी सोय लागते. सॅमसंगच्या स्वतःच्या पेनामागे, म्हणजे एस पेनमागे, वॅकॉम या कंपनीचं ईएमआर तंत्र आहे. पडद्याखालच्या खास थराकडून पेनाला ऊर्जा मिळते, त्यामुळे लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही. टॅब एस६ लाइटमध्ये हा थर आहे आणि पेनही खोक्यातच येतं. ए९ प्लसवर एस पेन चालत नाही. बाजारातली बहुतेक स्वस्त पेनं पडद्याच्या दृष्टीने बोटच असतात. आत बॅटरी आणि टोकाशी दिवा असला तरी त्यात फरक पडत नाही.

आयपॅडवाल्यांनीही जपून राहावं. ॲपलच्या २०२३ मध्ये आलेल्या यूएसबी-सी पेन्सिललाही दाब कळत नाही. पहिल्या व दुसऱ्या पिढीच्या पेन्सिलला आणि प्रो पेन्सिलला कळतो, पण कुठली कुठल्या आयपॅडवर चालते ते ठरलेलं आहे. दुसऱ्या पिढीची पेन्सिल २०२४ च्या एम२ आयपॅड एअरवर चालत नाही, म्हणून जुनी पेन्सिल विकत घेताना ती आपल्याच आयपॅडला जोडून, लिहून बघा. पडद्यावर तळहात टेकवा आणि एकाच वेगाने एक रेघ हलकी, एक दाबून ओढा. तळहाताची खूण उमटता कामा नये आणि दाबलेली रेघ जाड आली पाहिजे. एस पेन असेल तर टोक पडद्यापासून जरासं वर धरा. न टेकवताही ठिपका दिसला पाहिजे.

कीबोर्डची कथा छोटी, पण तितकीच वाईट. ‘मॅग्नेटिक पिनने जोडा, चार्जिंगची गरज नाही’ असं लिहिलं होतं. भाचीच्या टॅबला तशा पिनाच नाहीत. कव्हरवरचे पिनांसारखे दिसणारे सोनेरी ठिपके नखाने सुटून आले, खाली नुसतं प्लास्टिक. आत साधा ब्लूटूथ कीबोर्ड, तोही चार्ज करावा लागणारा. वायरलेस कीबोर्डला आपल्याकडे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे आणि ‘आर’पासून सुरू होणारा क्रमांक त्यावर असावा लागतो. इथे क्रमांक होता, पण ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकल्यावर भलत्याच उत्पादकाची भलतीच वस्तू निघाली. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ताही नव्हता.

परत करायला गेलो तेव्हा ‘सील उघडलंय, टोक वापरलंय’ म्हणून नकार. मग विक्रेत्याने थेट व्हॉट्सॲपवर सातशे रुपये देऊ केले. अट अशी की तिने लिहिलेला अभिप्राय काढून पाच तारे द्यायचे. भाचीने ते घेतले नाहीत. असा प्रस्ताव आला तर तुम्हीही घेऊ नका, कारण तुमचे पाच तारे पुढच्या मुलीला फसवायला वापरले जातात. त्या वस्तूखाली आधीचे कौतुकाचे अभिप्राय होते, तेही कसे मिळवले असतील याचा अंदाज आता येतो.

आम्ही आधी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. वर्णनाचा स्क्रीनशॉट, ‘शंभर टक्के चालेल’ हा संदेश, तो व्हिडिओ आणि खोकं उघडतानाचं आमचं चित्रण जोडलं. हे सगळं पैसे भरण्याआधीपासून जपून ठेवा, कारण तक्रार गेल्यावर विक्रेत्याने वर्णनातला ‘४०९६’ हा आकडा काढून टाकला. पेनाचे पैसे परत मिळाले. कीबोर्डच्या पैशांसाठी ग्राहक आयोगाकडे अर्ज करतोय, आणि तोच कॉम्बो त्याच फोटोंसह दुसऱ्या नावाने अजूनही विक्रीला आहे.