त्रेक्कानीचा ऑनलाईन इटालियन शब्दकोश: क्रियापदांच्या आघातासाठी (म्हणजे उच्चारातल्या जोरासाठी) बरेच महिने वापरल्यावर

इटालियन शिकणाऱ्या मराठी माणसाला माझं एकच सांगणं आहे, नवीन क्रियापद भेटलं की आधी त्याचं 'मी'चं रूप बघा आणि जोर कुठल्या अक्षरावर आहे ते बघा. छापील इटालियनमध्ये जोर शब्दाच्या शेवटच्या स्वरावर असेल तरच त्याची खूण देतात, मधल्या अक्षरावर सहसा कुणी देत नाही, मग नुसतं वाचून कळणार कसं?

त्रेक्कानी या इटालियन विश्वकोश काढणाऱ्या संस्थेचा शब्दकोश इथे फार कामाला येतो, तोही फुकट. आबितारे म्हणजे राहणे, ते उघडलं की सुरुवातीलाच कंसात 'इओ आबितो' (मी राहतो) दिसतं आणि पहिल्याच आ-वर खूण असते. पार्लारेसारख्या (बोलणे) साध्या क्रियापदात जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, पार्-लो, पण इथे तो एक घर मागे सरकलाय, आ-बि-तो. एवढं कळलं की तू आणि तो ही रूपं आपोआप येतात, आणि 'ते'चं रूप आ-बि-ता-नो, त्यातही जोर पहिल्या आ-वरच, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर! आम्ही-तुम्हीत मात्र जोर प्रत्ययावर जातो, आबित्यामोत त्यावर आणि आबितातेत ता-वर. एवितारे, इम्माजिनारे, देसिदेरारे, तेलेफोनारे सगळी याच चालीची. 'मला फोन कर' म्हणजे तेलेफोनामी, मागे मी (इटालियनमधलं 'मला') चिकटला तरी जोर ले-वरून हलत नाही.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे जोरावरून स्पेलिंग कळतं. इन्वियारे (पाठवणे) आणि स्तुदियारे (अभ्यास करणे) दिसायला एकाच साच्यातली, पण इन्-वी-ओ मध्ये जोर ई-वर, म्हणून 'तू'च्या रूपात दोन आय लिहायचे, आणि स्तू-द्यो मध्ये जोर स्तू-वर, म्हणून तिथे एकच आय. हे कळल्यावर मला खरंच खूप आनंद झाला, कारण तोपर्यंत ही दोन रूपं वेगवेगळी पाठ करायची म्हणून सांगितलेली. आणि कापितानो घ्या, जोर का-वर दिला तर 'घडतात', ता-वर दिला तर कॅप्टन, नो-वर दिला तर 'त्याने नेतृत्व केलं'.

अक्षरं तोडणं आपल्याला सोपं जातं, एकच व्यंजन दोनदा आलं तर ते मधून तुटतं, पास्-सो, आपल्या पत्-त्यासारखं. पण स नंतर वेगळं व्यंजन आलं तर दोन्ही पुढच्या अक्षरात जातात, आ-स्पेत्-तो. जोराचं अक्षर स्वरावर संपत असेल आणि ते शब्दातलं शेवटचं नसेल तर तो स्वर जरा लांबवायचा, म्हणजे आबितोचा आ लांब, पण आस्पेत्तोचा ए आखूडच, तिथे त वर थांबायचं.

शब्दकोश पूर्ण इटालियनमध्ये आहे, त्यामुळे अगदी पहिल्या दिवसापासून अर्थासाठी नका वापरू, पण कंसातलं रूप बघायला भाषा यायची गरज नाही, आणि कंसात काहीच नसेल तर बहुतेक वेळा पार्लोचीच चाल. भूतकाळासाठी एक वेगळं लक्षात ठेवा, पार्लावामो हे 'आम्ही'चं रूप, जोर वा-वर, आणि पार्लावानो हे 'ते'चं रूप, जोर ला-वर, या दोघांची जोडी मोठ्याने म्हणून बघा.