हिंगणघाटकडून नागपूरच्या दवाखान्यात: एसटी, रेल्वे की गाडी करून?

आमच्या हिंगणघाट-समुद्रपूर भागातला माणूस नागपूरला जातो तो बरेचदा दवाखान्यासाठीच. इथल्या डॉक्टरांनी "नागपूरला दाखवा" म्हटलं की घरात पहिला प्रश्न, म्हाताऱ्या माणसाला न्यायचं कशानं? दोन वर्षांत आईला घेऊन मी तिन्ही तऱ्हांनी गेलो. माझं मत पक्कं आहे: नुसतं भाडं बघून ठरवू नका, कोणत्या दवाखान्यात उतरायचं ते आधी बघा.

मेडिकल, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना असेल तर रेल्वे, आणि तीही नागपूर स्टेशनच्या अलीकडच्या अजनीला थांबणारी. अजनीहून मेडिकलला ऑटोने थोडक्यात पोचता येतं. मेयो या दुसऱ्या सरकारी दवाखान्यासाठीही रेल्वेच बरी, कारण तो नागपूर स्टेशनच्या पूर्वेला अगदी जवळ आहे. डब्यात संडास असतो, पाय लांब करता येतात. ज्याला दर तासाला लघवीला जावं लागतं त्याला यापेक्षा मोठी सोय नाही. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला उपचारासाठी जाताना तिकिटात सवलतही मिळते. दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यातला दाखला मात्र घ्यावा लागतो. अडचण वेळेची. ही दिल्ली-चेन्नईची मुख्य लाइन, त्यामुळे मोठ्या गाड्यांना वाट द्यायला पॅसेंजर मध्येच उभी राहते. ओपीडीची चिठ्ठी सकाळी काढायची असते, तेव्हा हा उशीर जिवाला लागतो. आणि समुद्रपूरकडच्यांनी रेल्वेसाठी हिंगणघाटला उलटं येऊ नये. त्यांना नागपूर रस्त्यावरच्या जाम गावावरून एसटीच सोपी.

एम्सला जायचं असेल तर एसटी, दुसरा विचार नको. एम्स मिहानमध्ये आहे, म्हणजे आपल्या बाजूने शहर लागायच्या आधीच. गणेशपेठ स्टँडपर्यंत जाऊन परत मागे यायचं म्हणजे पैसा आणि ताकद दोन्ही वाया. शहराच्या अलीकडच्या खापरीला गाडी थांबते का ते चढतानाच कंडक्टरला विचारा आणि तिथून ऑटो करा. सीताबर्डी किंवा धरमपेठकडच्या खाजगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनीही खापरीलाच मेट्रो धरावी. सीताबर्डीपर्यंत ती सरळ जाते, धरमपेठसाठी तिथे लाइन बदलायची. स्टेशनांवर लिफ्ट आहे, आईला एकही पायरी चढावी लागली नाही.

एसटीत बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्यांनाही अर्धं, आणि पंच्याहत्तरी पार केलेल्यांना प्रवास फुकट. आधार कार्ड जवळ ठेवा. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर ती पहाटेच निघते, पुढची गाडी हमखास सापडते. काळी-पिवळी जीप सवाऱ्या भरेपर्यंत हलत नाही, तिच्या भरवशावर ओपीडी गाठायला जाऊ नये.

गाडी करून जाणं महागच. तरी ऑपरेशननंतर सुट्टी मिळते त्या दिवशी मी दुसरं काही बघत नाही. टाके ताजे असताना एसटीचे हादरे आणि पुन्हा गावच्या फाट्यावरून चालणं, हे माणसाला सोसत नाही. जाताना रेल्वे आणि येताना गाडी, असंही जमतं. थांबायचे पैसे आणि टोल भाड्यात धरलेत का, हे निघायच्या आधी बोलून घ्या. जीव धोक्यात असेल तर मात्र गाडी शोधत बसू नका, 108 ला फोन लावून ॲम्ब्युलन्स बोलवा. ती फुकट आहे.

परतीचा विचार लोक करत नाहीत. एकदा रिपोर्ट मिळायलाच संध्याकाळ झाली, हिंगणघाटला उतरलो तेव्हा गावची शेवटची गाडी निघून गेली होती. रात्र मावशीकडे काढली. आईची रात्रीची गोळी घरी राहिली होती. तेव्हापासून दोन दिवसांची औषधं पिशवीत असतात, आणि गावची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळीच डेपोत विचारून निघतो.