विजेची भट्टी की गॅसची? स्वतःचा पॉटरी स्टुडिओ थाटणाऱ्यांसाठी

नवीन स्टुडिओ थाटणारा माणूस चाकाची चौकशी महिनोन्‌महिने करतो आणि भट्टी मात्र बजेट उरेल त्यात बसवतो. व्हायला हवं उलटं. चाक आवडलं नाही तर विकून टाकता येतं. भट्टीसाठी वायरिंग बदलावं लागतं किंवा शेड बांधावी लागते, आणि एकदा ती बसली की आठवड्याचं वेळापत्रक तीच ठरवते: क्लास कधी घ्यायचा, ऑर्डर कधी द्यायची, कोणत्या दिवशी दुसरं काहीच करायचं नाही. म्हणून ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, रंगांआधी दिवसाबद्दल बोलते. पुढे आहे ते सगळं स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेली घट्ट भांडी, करणाऱ्यांसाठी. कोन म्हणजे ठरलेल्या उष्णतेला वाकणारी मातीची छोटी सुळकी, तिच्या नंबरावरून भाजणी किती ते सांगतात: विजेवर कोन ६, म्हणजे साधारण १२२० ते १२४० अंश, आणि गॅसवर कोन १०, म्हणजे १३०० च्या आसपास.

भाजणीचा दिवस

विजेच्या भट्टीत माल लावायचा, कंट्रोलरवर प्रोग्राम टाकायचा आणि चाकावर बसायचं. शंभर अंशांपर्यंत हळू, कारण भांड्यात राहिलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला हवं. ५७३ अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्‌झ अचानक फुगतो, तिथेही घाई नको. पुढचं भट्टी बघून घेते. त्या वेळात दहा-बारा वाट्यांचं ट्रिमिंग होतं, हँडल लागतात, पार्सलं बांधली जातात. तरीही भट्टी लावून गावाला जाऊ नका. रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटला तर वीज बंदच होत नाही, आणि सकाळी शेल्फवर ग्लेझचं तळं दिसतं. भाजणी संपायची वेळ आपण जागे असू अशीच ठेवायची.

गॅसच्या भट्टीचा दिवस तिचाच असतो. पहाटे बर्नर मंद लावायचे. नऊशेच्या पुढे गेलं की डॅम्पर (चिमणीची झडप) आत सरकवून हवा कमी करायची, स्पाय होलमधून (आत बघायच्या भोकातून) ज्योत बाहेर डोकावायला लागली की रिडक्शन, म्हणजे कमी हवेतली भाजणी, सुरू झालं समजायचं. मग संध्याकाळपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी आकडा लिहायचा, आवाज ऐकायचा, काळा चष्मा लावून कोन वाकलाय का बघायचं. जेवण उभ्या-उभ्या. दहा-बारा तासांनी बर्नर बंद केले तरी दार उघडायला दुसरा दिवस मावळतो. मला हा दिवस आवडतो. पण महिन्यातून दोनदा. दर आठवड्याला करायची वेळ आली तर क्लास आणि ऑर्डर दोन्ही मागे पडतात, आणि भाडं बहुतेकांचं क्लासवरच निघतं.

मग गॅस घेतात कशाला?

काही रंग आणि पोत ज्योतीशिवाय येत नाहीत, म्हणून. रिडक्शनमध्ये भट्टीतला ऑक्सिजन कमी पडतो आणि आग तो ग्लेझमधल्या ऑक्साइडांतून ओढून घेते. दीड-दोन टक्के लोह असलेलं तेच ग्लेझ विजेच्या भट्टीत पिवळसर निघतं आणि गॅसमध्ये हिरवट-निळं सेलाडॉन होतं. तांबं विजेवर हिरवं, गॅसवर लाल. मातीसुद्धा बदलते. तिच्यातलं लोह ठिपके होऊन वर येतं आणि भांड्याला उबदार रंग चढतो. कोन ६ च्या ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीतल्या भरपूर हवेत, याच्या जवळ जाणारी ग्लेझेस बनवता येतात, चांगलीही असतात, पण शेजारी ठेवली की ओळखू येतात.

आपल्याकडे जिवंत जाळाच्या भट्टीला एक प्रतिष्ठा आहे. पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आणि तिथे शिकून देशभर विखुरलेल्या कुंभारांबरोबर ही ओढ पसरली. तिचा मान ठेवूनही सांगते, प्रतिष्ठेसाठी भट्टी घेऊ नका. एखाद्या कॅफेला साठ सारख्या प्लेट्स हव्या असतात तेव्हा वरच्या शेल्फवर एक रंग आणि खालच्या शेल्फवर दुसरा ही कला ठरत नाही. माल परत येतो.

जागा

बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. फ्लॅट असेल तर गॅसचा विचार सोडून द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, त्यामुळे तळघर किंवा बंद पार्किंग चालत नाही. रिडक्शनमध्ये कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. दोन-तीन बाजूंनी उघडी शेड, नीट चिमणी आणि धूर बघून तक्रार न करणारे शेजारी, एवढं लागतंच. विनापरवाना साठ्याची मर्यादा १०० किलो आहे, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. घरगुती लाल सिलिंडर या कामाला वापरणं बेकायदा आहे, कुणी कितीही सहज सांगितलं तरी.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. गॅस जोरात ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव आणि मग बर्फ धरतो, आणि नेमका शेवटच्या शंभर अंशांना दाब उतरतो. डिसेंबरात नाशिककडे हे हमखास होतं. उपाय म्हणजे एकाऐवजी तीन-चार सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे एका सामाईक नळीवर, एकत्र जोडायचे. म्हणजे त्यांना जागाही तेवढी हवी.

विजेच्या भट्टीलाही कोपरा पुरत नाही. ६ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर २६ अँपिअर ओढते. गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नाही. वेगळा एमसीबी, जाड तांब्याची केबल आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणं आलंच. त्याहून मोठी भट्टी असेल तर थ्री फेज. बिस्कच्या (ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या) भाजणीत मातीतला सेंद्रिय भाग जळून वास येतो, त्यामुळे एक्झॉस्ट इथेही हवा. पुण्यात असाल तर गुरुवारी ग्लेझ फायरिंग लावू नका, देखभालीसाठी वीज त्याच दिवशी जाते. घेताना विचारा: वीज परत आल्यावर कंट्रोलर जिथे थांबला तिथून पुढे जातो का?

जुलैत माझं मत पूर्ण विजेच्या बाजूला झुकतं. भांडी आठवडाभर ठेवूनही गार लागतात, म्हणजे ओली असतात. विजेच्या भट्टीत ऐंशी-नव्वद अंशांवर रात्रभर ठेवली की निवांत वाळतात. गॅसवर इतकी मंद आच सांभाळत बसावं लागतं.

पैसे

वीज मोजता येते. ६ किलोवॅट, दहा तास, पण एलिमेंट्स (भट्टीतल्या तापणाऱ्या तारा) चालू-बंद होत राहतात, म्हणून साठऐवजी चाळीसेक युनिट धरा. महिन्यात आठ भाजण्या केल्या तर घरगुती मीटर ३०० युनिटच्या वरच्या टप्प्यात जातो, तिथला दर घेऊन गणित करा. शिवाय एलिमेंट्स झिजतात. कँथलची तार एकदा तापली की ठिसूळ होते, हात लागला तरी तुटते. पैसे वाचवायला विजेच्या भट्टीत लाकडाचे तुकडे टाकून रिडक्शन करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तारेवरचा संरक्षक थर त्याने जातो. गॅसच्या भट्टीत झीज शेल्फांची होते, कोन १० ला ते वाकतात. गॅस किती लागेल हे भिंतीच्या जाडीवर आणि चालवणाऱ्यावर अवलंबून असतं, म्हणून बनवणाऱ्याकडून त्याच मापाच्या भट्टीची भाजणीची वही मागून बघा.

माझं मत

क्लास, कॅफेच्या ऑर्डरी, प्रदर्शनातले मग आणि वाट्या यांवर चालायचं असेल तर विजेची, आणि क्षमतेत हात थोडा सैल सोडा. प्लेट्स फार जागा खातात. सेलाडॉन किंवा तांब्याच्या लालसाठीच या कामात आला असाल तरी पहिली भट्टी गॅसची घेऊ नका. एखाद्या गॅसवाल्या स्टुडिओत शेल्फ भाड्याने घ्या. बिस्क घरी करून न्या, कच्चं भांडं रस्त्यातल्या खड्ड्यांतून टिकत नाही. तळापासून तीन-चार मिलिमीटर ग्लेझ पुसून द्या, नाहीतर दुसऱ्याचा शेल्फ भरून द्यावा लागेल. वर्षभर हे केल्यावरही दर वेळी त्याच रांगेत उभं राहावंसं वाटत असेल तर शेड बांधा.

कुठलीही घ्या, शेवटचा हप्ता थांबवून ठेवा. रिकामी भट्टी लाल झालेली दाखवतात, त्याला अर्थ नाही. पूर्ण माल भरून वर, मध्ये आणि खाली कोन ठेवून एक भाजणी समोर करून मागा. तिन्ही कोनांत एका कोनापेक्षा जास्त फरक निघाला तर तो दुरुस्त केल्यावरच पैसे द्या.