नऊ तारखेची तपासणी: रांग मोठी, पण डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं

मला सातवा महिना चालू आहे. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे दोनदा जाऊन आले.

पाचव्या महिन्यापासून अंगावरून पांढरं जायला लागलं. मी शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर बसून असते. दुपारपर्यंत निकर ओली व्हायची. सासूबाई म्हणाल्या, हाडं झिजतायत, तांदळाचं धुवण पी. त्यांनी मायेनंच सांगितलं, मी प्यालेही. पण बाळाचंच काहीतरी वितळून जातंय अशी धास्ती बसली.

पहिल्या वेळी साडेआठला गेले, नंबर लागला बारानंतर. बाकं कमी, दिवस भरत आलेल्या बायका जिन्यावर बसलेल्या. तपासणीच्या टेबलाला पडदाही अर्धाच. असल्या गोष्टी सांगायच्या म्हणजे पूर्ण पडदा हवाच.

डॉक्टरबाईंना मी नुसतं "अशक्तपणा वाटतो" म्हणाले. त्यांनीच विचारलं, "अंगावरून जातंय का?" मग रंग कसा, वास येतो का, खाज सुटते का, लघवीला जळजळ होते का, सगळं विचारलं. पातळ, दुधासारखं, खाज नाही. म्हणाल्या, गरोदरपणात हे वाढतंच. हार्मोन्स वाढतात, त्या भागाला रक्त जास्त मिळतं, शेवटी शेवटी आणखी जाईल. हाडांचा काही संबंध नाही. अशक्तपणाचं कारण रक्तात निघालं, हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळ्या दिल्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत असं बजावलं.

या महिन्याच्या सुरुवातीला मात्र दह्याच्या कवड्यांसारखं जायला लागलं आणि खाज इतकी की रात्रभर डोळा लागेना. मेडिकलवाल्याने कितवा महिना हेही न विचारता सुवासिक वॉश आणि बुरशीवरची तोंडाने घ्यायची गोळी दिली. वॉशने आग जास्तच झाली. गोळी घ्यायला मन धजेना, तशीच पिशवीत घालून ९ तारखेला नेली. बाईंनी ती बाजूला ठेवली. गरोदरपणात ही आपल्या मनाने घ्यायची नाही, म्हणाल्या. क्लोट्रिमॅझोल या बुरशीवरच्याच औषधाच्या, पण योनीत आतून ठेवायच्या गोळ्या दिल्या, सात रात्री. वॉश बंद, बाहेरून साधं पाणी, सुती निकर. चौथ्या दिवशी खाज गेली. "नऊ तारखेची वाट कशाला बघत बसलीस? रोजची ओपीडी असते ना," असं रागावल्याही. बरोबरच होतं त्यांचं.

सिस्टरनी कार्डाच्या मागे लिहून दिलंय: पाण्यासारखं भळाभळा गेलं, रक्त दिसलं, हिरवट-पिवळं किंवा घाण वासाचं गेलं, तर तारीख न बघता लगेच यायचं, रात्र असली तरी. ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं. पुढच्या ९ तारखेला त्या माझ्यासोबत येणार आहेत.

तुम्ही जाणार असाल तर आठच्या आत पोचा, आणि पाण्याची बाटली, भाजी-चपाती न विसरता न्या.