राउटर बदलावा की वायर ओढावी?

मागच्या महिन्यात औशाहून मामांचा फोन आला. "मागच्या खोलीत नेट येईना झालंय बघ. चांगला भारीतला राउटर सांग एखादा, चार अँटेनांचा." त्याच आठवड्यात मी नांदेडच्या फ्लॅटमधला राउटर बदलला होता आणि खूश होतो. तरी म्हटलं, "मामा, थांबा. तुमच्या घराला माझं औषध लागू पडायचं नाही."

दोन्हीकडे आधी एकच तपासणी केली. राउटरपासून दोन हातांवर उभं राहून स्पीड बघायचा. तिथंच कमी आला तर दुखणं लाइनीत किंवा राउटरमध्ये. तिथं पुरेपूर आणि आत गेल्यावर गायब, तर दोष भिंतींचा.

माझ्याकडे प्लॅन १५० एमबीपीएसचा, पण राउटरशेजारीही आकडा ९४च्या वर सरकेना. ९४-९५वर अडकणं ही ओळखीची खूण आहे: मधलं एखादं पोर्ट, म्हणजे वायर खोचायची जागा, १०० एमबीपीएसचं असतं, किंवा वायरीतल्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असतात. केबलवाल्यांची ही जुनी सवय. माझं मात्र पोर्टच जुनं निघालं. खोक्यावर '३००' छापलेल्या बहुतेक स्वस्त राउटरांत हेच असतं.

मग प्रश्न, नवा राउटर एसी१२०० (वायफाय ५) घ्यावा की एएक्स१५००. हे आकडे वायफायच्या दोन लहरी-पट्ट्यांच्या कागदी वेगांची बेरीज असतात: १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, १५०० म्हणजे ३०० आणि १२०१. एका मोबाइलला १५०० कधीच मिळत नाहीत. दोनशेच्या आतला प्लॅन आणि पाच-सहा उपकरणं असतील तर एसी१२०० पुरतो, फक्त पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसची, आहेत हे विचारून घ्या. काही एसी१२००मध्येही शंभरचीच पोर्ट असतात आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही. टीव्ही, कॅमेरे, पोरांचे ऑनलाइन क्लास असा गोतावळा असेल तर एएक्स, म्हणजे वायफाय ६, घ्यावा, गर्दी तो नीट हाताळतो. मी तोच घेतला. अँटेना मोजत बसू नका. फायबरची तार ज्यात येते तो डबा मात्र परत करायचा नसतो, नवा राउटर त्यालाच जोडायचा असतो. आधीच्या राउटरमध्ये इंटरनेट जोडणीचं लॉगिन आणि पासवर्ड (वायफायचा नव्हे) असेल तर तो केबलवाल्याकडून लिहून घ्या, नाहीतर रविवार वाया जातो.

आता मामांचं घर. जुनं माळवद, दगड आणि पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, मधे चौक. प्लॅन ५०चा. ओसरीत पुरे पन्नास, मागच्या खोलीत एक काडी. ५ गिगाहर्ट्झ अशा पहिल्याच भिंतीत मरतं. २.४ एखादी भिंत ओलांडतं, पण पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि पाणी लहरी शोषतं, म्हणून "पावसात नेट जातंय" ही मामांची तक्रार खरीच होती. इथं दहा हजारांचा राउटर आणला तरी भिंत तीच.

उरले तीन मार्ग. रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढं पाठवणारं यंत्र, सगळ्यात स्वस्त. पण एकाच रेडिओवर ऐकून त्यावरच पुढं बोलायचं, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. तिथं त्यालाच काही ऐकू येत नाही. मेश, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांशी जोडलेले डबे, दिसायला छान, वायफायचं नाव एक, फोन आपोआप जवळच्या डब्यावर जातो. फ्लॅटमध्ये किंवा विटांच्या दुमजली घरात मी तो नक्की सुचवेन. पण वायर नसेल तर मेशचे डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलतात, आणि मधे ती भिंत आहेच.

म्हणून वायर. ओसरीतून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ ही नेटची वायर, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त वायर नको. गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं, घरात तेवढं अंतर कुठून येणार? चौकातून नेलीत तर उन्हात टिकणारी काळी बाहेरची वायर घ्या, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की दोन्ही टोकं काढून ठेवा. शक्यतो कडेच्या भिंतीने, छपराखालूनच न्यावी.

दुसऱ्या टोकाला मी फ्लॅटमधून काढलेला तोच '३००'वाला राउटर लावला. पन्नासच्या प्लॅनला शंभरचं पोर्ट भरपूर झालं. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद केलं, त्याचा पत्ता मूळ राउटरपेक्षा वेगळा दिला, वायर वॅनमध्ये (बाहेरचं नेट घ्यायच्या पोर्टात) न लावता लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावली आणि वायफायचं नाव-पासवर्ड ओसरीतल्यासारखंच ठेवलं. एकमेकांत गोंधळ नको म्हणून चॅनेल ओसरीत १, मागं ११.

मागच्या खोलीत ४६ आले. मामा म्हणाले, "म्हणजे नवा काहीच घ्यायचा नाही?" एक गोष्ट घ्यायला लावली: लाइट गेल्यावर चालणारा राउटरचा छोटा यूपीएस, एक ओसरीत, एक मागं. अॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचूनच. ओसरीतला राउटर आणि फायबरचा डबा १२ व्होल्टचे निघाले, माझा जुना राउटर ९चा.