कांदा गटासाठी मेळावा घ्यावा का शेतीशाळा?

परवा चांदवडकडच्या एका कांदा गटाचा फोन आला, दादा, यंदा प्रशिक्षणाला थोडे पैसे बाजूला काढलेत, तर एकच दणक्यात मेळावा घ्यायचा का हंगामभर शेतीशाळा (दर आठवड्याला वावरातच जमून शिकायचं) चालवायची ते सांगा. मी तेव्हा नाशिकला द्वारक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, धड बोलता आलं नाही, आणि हाच प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून सविस्तर लिहितोय. मी दोन्ही भरपूर घेतलेत आणि दोन्हीत तोंडावर आपटलोय, तेव्हा ऐकायला हरकत नाही.

आधी मला एक सांगा, लोकांना शिकवायचं काय आहे? गट बाकी सगळं ठरवतो, मंडप, पाहुणे, शाल-नारळ, नाश्त्याला मिसळ का पोहे, आणि नेमकं हेच राहून जातं. "कांद्यावर मार्गदर्शन" हा काही विषय नाही झाला.

काही कामं अशी असतात की एकदा हाताने करून बघितली की झालं. बागलाणात डाळिंबवाल्यांना बोर्डो मिश्रण (बुरशीवरचं औषध) करायला शिकवायचं होतं, एक टक्क्याचं, म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद न एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. शेवटी लोखंडी विळा द्रावणात बुडवला, पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे चुना कमी पडलाय, मग अजून चुन्याची निवळी ओतली, विळा घासून परत बुडवला, आता पातं स्वच्छ. विळा त्यांच्यातल्याच एकाचा होता, मुद्दाम मागून घेतलेला. दोन तासात काम फत्ते. असल्या गोष्टीला हंगाम कशाला घालवायचा, एक दिवस बास, फक्त माईकवरून नको, वीस-पंचवीस जण ड्रमभोवती उभे पाहिजेत आणि ढवळायची काठी त्यांच्या हातात.

आता कांद्यावरचे फुलकिडे (थ्रिप्स) घ्या. एका झाडावर साधारण 30 च्या वर गेले की फवारा अशी शिफारस आहे, ती कोणीही पाहुणा दोन मिनिटात सांगून मोकळा होईल. पण मोजणार कोण? ते बसतात पातीच्या बेचक्यात, पात फाकवून बघावं लागतं, आणि आपण काय करतो तर वरून पात पांढुरकी दिसली की पंप पाठीला. त्यात ढगाळ हवा आली की करपा रोगाची भीती, मध्येच पाऊस झाला की फुलकिडे धुऊन निघतात, म्हणजे उत्तर दर आठवड्याला वेगळं. असल्या गोष्टीला नजर बसावी लागते आणि नजर बसायला हंगामच लागतो.

शेतीशाळा निघाली ती अशाच अडचणीतून. 1989 मध्ये इंडोनेशियात एफएओने (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने) भातासाठी सुरू केली, तिथे औषधं मारून मारून मित्रकिडी मेल्या आणि तपकिरी तुडतुडे उलट वाढले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कीड व्यवस्थापनाच्या शेतीशाळेचा साचा 30 शेतकरी न 14 आठवडे असा आहे. दोन प्लॉट असतात, एकात नेहमीसारखं चालू द्यायचं, दुसऱ्यात गट ठरवेल ते. सकाळी पाच-पाच जणांनी वावरात उतरायचं, ठरलेल्या झाडांवरचे किडे मोजायचे, मग झाडाखाली बसून चार्टवर झाडाचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रुकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकिडी, हवा, ओल, सगळं, आणि मग वाद घालायचा, या आठवड्यात फवारायचं का नाही. यात शिकवणाऱ्याने गप्प बसायचं असतं आणि खरं सांगतो, मला तेच सगळ्यात जड गेलं. एक काकू तर वैतागून म्हणाल्या, "सर, तुम्हाला उत्तर माहितीये ना, मग सांगून टाका की, मला निंदणीला जायचंय."

काकूंचं चुकलं नव्हतं. शेतीशाळा महाग पडते ती चार्ट-स्केचपेनमुळे नाही, लोकांच्या वेळेमुळे. मेळाव्याला माणूस अर्धा दिवस देतो, इथे चौदा सकाळी. मजुरीवर जाणाऱ्या बाईची हजेरी बुडते, द्राक्षवाला ऑक्टोबर छाटणीनंतर पहाटेपासून बागेत असतो, आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवलं तर तुम्ही आणि प्लॉटचा मालक दोघंच चहा पीत बसता (माझं झालंय). अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही, निफाड-दिंडोरीत हाताने काम बरेचदा पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या करतात आणि शेतीशाळेत बसतो मालक. म्हणजे नजर एकाची तयार होते आणि पात धरतो दुसराच.

मोजमापात मात्र दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेळाव्याचा अहवाल मी कितीदा लिहिलाय, उपस्थिती इतकी, शेतकऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद, सोबत फोटो. अमेरिकेत क्लॉड बेनेट यांनी 1970 च्या दशकात शेतीविस्ताराचं, म्हणजे शेतकऱ्यांना शिकवायचं काम मोजायला सात पायऱ्यांची शिडी मांडली, पैसा-माणसं, मग कार्यक्रम, हजेरी, लोकांना कसं वाटलं, काय शिकले, शेतात काय बदललं आणि शेवटी हाती काय पडलं. आपला अहवाल चौथ्या पायरीवर चहा पिऊन खाली उतरतो. एकदा तर जेवण एका कंपनीचं होतं, दुपारनंतर त्यांच्याच पिकाच्या टॉनिकची गाणी झाली, आणि जाताना सगळे म्हणाले छान झाला कार्यक्रम. प्रतिसाद चांगला, शिकले काय, शून्य.

शेतीशाळेत पहिल्याच दिवशी मतपेटी चाचणी घेता येते. खुंट्यांना पुठ्ठे, पुठ्ठ्यावर खरी किडकी पात नाहीतर डबीत जिवंत किडा, खाली तीन पर्याय न तीन खोकी, ज्याला लिहिता येत नाही तोही चिठ्ठी टाकतो. एका गावात ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, म्हणजे आपली मित्रकीड, ठेवली होती, काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोटी सुसरच जशी. जवळपास सगळ्या चिठ्ठ्या शत्रूच्या खोक्यात! एक अण्णा म्हणाले, "ही तर दिसली की चिरडतो आम्ही." हंगाम संपताना तीच चाचणी परत, म्हणजे पाचवी पायरी कळली. सहावीसाठी सोपं आहे, प्रत्येकाने किती फवारण्या केल्या ते वहीत लिहायचं, आणि पुढच्या वर्षी शाळा नसताना परत ती वही बघायची. शेजारच्या गावातल्या चार जणांच्या वह्याही घ्या, नाहीतर हवा चांगली होती म्हणून फवारण्या घटल्या आणि श्रेय तुम्ही घेतलं असं व्हायचं.

आता शेतीशाळेला फार डोक्यावरही घेऊ नका. इंडोनेशियातल्याच शाळांवर 2004 मध्ये एक अभ्यास आला, त्यात उत्पादनात आणि औषधाच्या वापरात दखल घ्यावी असा फरक दिसला नव्हता, शेजाऱ्यांपर्यंत तर काही गेलंच नाही. ते मला पटतं, कारण "30 फुलकिडे" हे वाक्य बांधावरून पलीकडे जातं, पात फाकवून मोजायची सवय जात नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपचं तर विचारूच नका, तारीख-वेळ कळवायला ठीक, बाकी गुड मॉर्निंग.

चांदवडच्या पोरांसाठी माझं मत असं. तुमची तक्रार काय होती, फवारणीचा खर्च वाढतोय आणि साठवणीच्या चाळीत कांदा सडतोय. फवारणीसाठी शेतीशाळा घ्या, पण चौदा बैठका नका ठेवू, उळं (रोपांसाठी कांद्याचं बी) टाकायच्या आधी एक, लागवडीला एक, आणि मग फुलकिडे वाढायच्या दिवसात दर आठवड्याला, दुपारी चारनंतर, म्हणजे बायकाही येतील. मजुरांच्या टोळीच्या मुकादमालाही बोलवा, त्या दिवसाची मजुरी गटाने द्यावी, मंडपाचे पैसे वाचतातच की. चाळीत कांदा टिकावा यासाठी एकच दिवस पुरे, निम्म्या झाडांच्या माना पडल्या की काढणी आणि त्याआधी पंधरा-एक दिवस पाणी बंद, हे कोणाच्या तरी वावरात उभं राहून दाखवायचं. जाणकार माणूस हवा असेल तर चितेगाव फाट्याला एनएचआरडीएफ (कांद्यावर काम करणारी संशोधन संस्था) आहे, गंगापूर धरणाकडे मुक्त विद्यापीठाचं केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) आहे, तालुक्यातल्या आत्माच्या (शेतकरी प्रशिक्षणाच्या सरकारी यंत्रणेच्या) माणसालाही आत्ताच गाठा.

आणि प्लॉट ज्याचा घ्याल त्याच्याशी आधी बोलून घ्या. 1903 मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावात सीमन नॅप या शेतीतज्ज्ञांनी एका शेतकऱ्याच्याच जमिनीवर, त्याच्याच हाताने प्रात्यक्षिक करवलं, तेव्हा नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या लोकांनी वर्गणी काढून ठेवली होती. तुम्ही पाच-सहा वाफेच घेताय, रक्कम मोठी नाही होणार, पण ती गटाच्या ठरावात लिहा. नाहीतर फेब्रुवारीत पात पांढरी दिसली की तो रात्रीच फवारून मोकळा होईल आणि सकाळी तुम्ही मेलेले फुलकिडे मोजत बसाल.