पीएच.डी. विभाग, खिडकी क्रमांक तीन : साडेपाच वर्षांचा अनुभव

विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाराष्ट्रातलं एक सरकारी विद्यापीठ, एवढं पुरे. जे लिहिणार आहे ते इतर ठिकाणी पीएच.डी. करणाऱ्या मैत्रिणींनाही ओळखीचं वाटतंय, म्हणून एकाच विद्यापीठाला बोट दाखवण्यात अर्थ नाही. मी माणदेशातली. एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर, अर्थशास्त्र शिकवते. विषय होता दुष्काळातल्या चारा छावण्या आणि जनावरं सांभाळणाऱ्या कुटुंबांचं घरखर्चाचं गणित. जुलै २०१९ मध्ये नोंदणी झाली, जानेवारी २०२५ मध्ये व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. प्रवेश घेणाऱ्यांनी कॉलेजची इमारत, हॉस्टेल, गाईडचं नाव बघावंच, पण पीएच.डी. विभागाची खिडकी कशी चालते तेही विचारून घ्यावं. माझा निम्मा त्रास आणि निम्मा आधार त्या खिडकीतूनच आला.

सुरुवात पेटपासून, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेपासून. परीक्षा नीट झाली, निकालही वेळेवर लागला, त्याबद्दल तक्रार नाही. एप्रिल २०१९ मध्ये आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, विषय मांडला. समितीतल्या तिघांनी छावणीबद्दल खोदून खोदून विचारलं, नमुना कसा निवडणार, छावणी चालवणारे आकडे देतील का. ती चर्चा चांगली झाली, आजही त्यातले दोन प्रश्न माझ्या शेवटच्या प्रकरणात आहेत. पण मंजुरीचं पत्र आलं जुलैमध्ये. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे छावण्या भरलेल्या होत्या, पाऊस पडला की दावणी सुटणार होत्या. गाईड म्हणाले, "पत्राची वाट बघू नकोस, वही घे आणि जा." मी मे-जूनमध्ये दीडशेच्या वर कुटुंबांशी बोलले. कडब्याची पेंढी, ओला चारा, पेंड, पाण्याचा टँकर, सगळं लिहून घेतलं. पत्राची वाट बघितली असती तर रिकाम्या खुंट्या मोजायची वेळ आली असती. शेतीवर, पावसावर, यात्रेवर, निवडणुकीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं वर्ष बैठकीच्या तारखेवर अवलंबून असतं, हे विभागाने ध्यानात घ्यायला हवं.

कोर्सवर्कचे वर्ग चांगले. संशोधन पद्धतीचा पेपर शिकवणाऱ्या सरांनी प्रश्नावली फाडून पुन्हा लिहायला लावली, त्यांचे उपकार विसरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. २०२१ मध्ये मला मुलगी झाली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमावलीत पीएच.डी. करणाऱ्या महिलेला पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते असं स्पष्ट लिहिलंय, २०२२ च्या नव्या नियमावलीतही ती तरतूद आहे. मी सातव्या महिन्यातच अर्ज दिला, डॉक्टरांचा दाखला जोडला, गाईडची शिफारस जोडली. पोच मागितली तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "ताई, आत ठेवलाय, काळजी करू नका." मी पोच न घेता परत आले. ही माझी चूक.

मुलगी चार महिन्यांची असताना घरी पत्र आलं. दोन सहामाही प्रगती अहवाल सादर केले नाहीत, तरी आपली नोंदणी रद्द का करण्यात येऊ नये, पंधरा दिवसांत खुलासा करावा. सासूबाईंनी पत्र वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्याच जाऊ, मी येते बरोबर." एसटीने साडेतीन तास. विभागाच्या बाहेर कडुनिंबाखाली बाळाला घेऊन त्या बसल्या, मी आत गेले. खिडकी एकवर सांगितलं दोनला जा, दोनवर सांगितलं की संगणकात रजेचा पर्यायच नाही, अहवाल आला किंवा आला नाही एवढंच भरता येतं. माझा अर्ज कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

खिडकी तीनच्या मॅडम तेव्हा जेवणाचा डबा उघडत होत्या. त्यांनी पत्र हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, विचारलं, "बाळ कुठंय?" मी बाहेर बोट दाखवलं. त्यांनी डबा बंद केला. कपाटातून विभागनिहाय फायलींचा गठ्ठा काढला, टॅग सोडून एकेक कागद उलटत गेल्या. माझा अर्ज दुसऱ्याच विषयाच्या फायलीत लागला होता, आवक क्रमांक टाकलेला, तारीखही बरोबर. त्यांनी नियमावलीतला तो परिच्छेद झेरॉक्स करून आणायला लावला, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि स्वतः टिपणी लिहायला घेतली. मी समोर उभी राहून वाचत होते. "सदर विद्यार्थिनीने रजेचा अर्ज मुदतीत सादर केला असून…" तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टिपणी घेऊन त्या स्वतः उपकुलसचिवांकडे गेल्या. अर्ध्या तासात सही झाली. आदेशाची प्रत हातात देताना म्हणाल्या, "आता पुढच्या पोरींना हा कागद दाखवता येईल."

म्हणजे नियम होता, अर्ज होता, अधिकार असलेला अधिकारी त्याच इमारतीत होता. तरी बाळंतिणीला नोंदणी रद्द करायची नोटीस गेली. अडलं होतं एवढ्यावरच, की कागद कोणत्या टेबलावर आहे हे विद्यार्थिनीला कळायची काही सोय नव्हती. आणि सुटलं ते एका बाईने डबा बाजूला ठेवला म्हणून. त्या दिवशी मॅडम रजेवर असत्या तर मी काय केलं असतं, हे मला आजही सुचत नाही.

प्रगती अहवालाच्या बैठकांबद्दल लिहायला हवं. नियमाप्रमाणे सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी काम मांडायचं असतं. आमच्या विभागात ते मनापासून होतं. बाहेरच्या काही संशोधन केंद्रांवर नुसत्या सह्या होतात असं सोबतच्यांकडून ऐकलंय, पण माझा अनुभव तसा नाही. तक्ते तपासले गेले, एकदा तर माझं चाऱ्याच्या खर्चाचं गणितच चुकलेलं सापडलं.

फेलोशिपचं माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडून शिकले. तिला जेआरएफ, म्हणजे यूजीसीची संशोधनासाठीची फेलोशिप, होती. १ जानेवारी २०२३ पासून रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० अशी झाली. पैसे थेट खात्यात येतात, पण दर महिन्याला विद्यापीठातून आधी एकाने नोंद भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून पुढे पाठवायची असते. ही दुसरी व्यक्ती सुट्टीवर गेली की महिना अडतो. तिचे एकदा चार महिने असेच थांबले. त्या काळात मेसचे पैसे तिने वडिलांकडून मागवले, आणि वडील ऊसतोडीला जाणारे. नोंद तपासायला बदली माणूस नेमून ठेवायला विद्यापीठाला एक पैसा लागत नाही.

ग्रंथालयाला मात्र पाचपैकी पाच. वाङ्मयचौर्य तपासणीत माझा आकडा आधी १४ टक्के आला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. मी घाबरले. ग्रंथपाल मॅडमनी अहवाल पानन् पान उलटून दाखवला. त्यातलं बरंचसं माझ्याच छापलेल्या लेखाशी जुळत होतं. लेखाचं प्रमाणपत्र कसं जोडायचं, अवतरणं आणि संदर्भसूची कशी वगळली जाते, सगळं शांतपणे समजावलं. दुसऱ्या फेरीत ६ टक्के. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवायच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध चढवायची फाईलही त्यांनीच तपासून दिली.

प्रबंध फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. जमा केल्यापासून सहा महिन्यांत सगळी प्रक्रिया पुरी व्हावी असं नियम सांगतो. मला अकरा महिने लागले. एका बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल मे महिन्यातच आला. दुसऱ्यांबद्दल प्रत्येक फोनला एकच उत्तर, "अजून आला नाही." नावं गोपनीय, त्यामुळे गाईडना काही विचारता येत नाही आणि ते बरोबरच आहे. ऑक्टोबरमध्ये कळलं की त्या परीक्षकांनी एप्रिलमध्येच असमर्थता कळवली होती, आणि पुढचं नाव घ्यायला फाईल कुलगुरूंकडे गेलीच नव्हती. नवे परीक्षक ठरले, सहा आठवड्यांत अहवाल आला. दरम्यान एका कॉलेजची कायम जागेची मुलाखत माझ्या हातून गेली. कॉलेजच्या भरतीत पहिल्या छाननीला पीएच.डी.चे २५ गुण धरतात, सेटचे (राज्याच्या प्राध्यापक पात्रता परीक्षेचे) ५. माझ्याकडे सेट होती, प्रबंध तपासून व्हायचा होता. ते पंचवीस गुण नसल्याने मी यादीबाहेर राहिले.

व्हायवा मात्र फार चांगली झाली. सभागृहात आमच्या गावचे दोन पशुपालक आले होते, एकाने उठून छावणीतल्या शेणाच्या हिशेबावर प्रश्न विचारला. खुल्या व्हायवात कुणीही विचारू शकतं, हे मला आपल्या पद्धतीतलं सगळ्यात आवडलेलं.

तारेच द्यायचे तर : शिक्षक साडेचार, ग्रंथालय पाच, पीएच.डी. विभाग दोन, आणि त्या दोनातला दीड खिडकी तीनचा. मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतात. मी कुलसचिवांना लेखी दिलंय की प्रत्येक अर्जाचा आवक क्रमांक टाकून फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विद्यार्थ्याला घरबसल्या दिसावं, आणि संगणकात प्रसूती रजेचा पर्याय द्यावा. या वेळी पोच घेतली आहे.

जुलैमध्ये प्रवेश घेणाऱ्यांनी प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्याव्यात, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. प्रबंध दिल्यावर चौथ्या महिन्यात "दोन्ही परीक्षकांची संमती आली का" असं लेखी विचारावं. नाव विचारायचं नाही, संमती आली का एवढंच. आणि कुणाला बाळंतपणाच्या रजेसाठी अर्ज करायचा असेल तर माझ्या अर्जाची आणि त्या आदेशाची प्रत माझ्याकडे आहे, खाली लिहा, लगेच पाठवते.